सातव्या महिन्यातील जांघेचे दुखणे आणि पुन्हा डॉक्टरांकडे जाण्याचा संकोच

प्रिय भगिनी,

दुसऱ्या खेपेचा सातवा महिना चालू असून जांघेत आणि मागे कमरेखाली अशी कळ येते की जिना चढताना कठडा धरून थांबावे लागते, रात्री कूस बदलताना डोळ्यांत पाणी येते आणि थोरल्या मुलाला उचलून घेणे बंद झाले आहे, असे तुम्ही लिहिले आहे. तपासणीच्या वेळी डॉक्टर ‘गरोदरपणात असे होतेच’ एवढेच म्हणाले आणि घरीही ‘आम्हीही सोसले’ हेच ऐकावे लागले. आता पुन्हा तोच विषय काढला तर आपण नाजूकपणाचे कौतुक करून घेत आहोत असे वाटेल का, असे तुम्ही विचारता. ज्याला तसे वाटायचे त्याला वाटू द्या. तुम्ही पुन्हा जा, आणि पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता जा.

‘असे होतेच’ हे म्हणणे खोटे नाही. साधारणपणे पाच गरोदर स्त्रियांपैकी एकीला हा त्रास होतो. परंतु एखादे दुखणे अनेकींना होते, यावरून त्याला उपचार नाही असे ठरत नाही. डॉक्टर याला पेल्व्हिक गर्डल पेन म्हणतात. ओटीपोटाभोवती हाडांचा जो घेर असतो, त्यात पुढे एक आणि मागे दोन सांधे असतात. गरोदरपणात त्यांना बांधून ठेवणारे स्नायुबंध सैल होतात, पोटाचे वजन वाढते, उभे राहण्याची ढब बदलते, आणि हे सांधे एकमेकांशी मेळ न राखता हलू लागले की दुखू लागतात. म्हणूनच एका पायावर भार येतो किंवा पाय फाकतात तेव्हा, म्हणजे जिना चढताना, गाडीतून उतरताना किंवा कूस बदलताना, कळ अधिक येते. तुमचे वर्णन याच्याशी जुळते, तरी प्रत्यक्ष तपासल्याखेरीज निदान करू नये. या दुखण्याने बाळाला अपाय होत नाही. अपाय होतो तो तुमच्या झोपेला आणि हालचालींना, आणि तो किरकोळ मानण्याचे कारण नाही.

डॉक्टरांसमोर ‘फार दुखते’ एवढेच सांगून थांबू नका. फार म्हणजे किती हे ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि घाईच्या तपासणीत ते वाक्य सहज विरून जाते. त्याऐवजी किती पायऱ्यांनंतर थांबावे लागते, रात्री किती वेळा जाग येते, कोणते काम सोडून द्यावे लागले, हे कागदावर लिहून न्या आणि ‘मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवाल का?’ असे थेट विचारा. शक्य असेल तर गरोदर स्त्रियांवर उपचार करण्याचा अनुभव असलेल्या व्यक्तीकडेच पाठवण्याची विनंती करा. ती व्यक्ती तुम्हाला आडवे झोपवून एक पाय सरळ उचलायला सांगेल, सांध्यांवर हलका दाब देऊन पाहील. एक्स-रेची सहसा गरज पडत नाही. पुढे हाताने केले जाणारे उपचार, पोट, कंबर आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि आवश्यक वाटल्यास आधाराचा पट्टा, असा क्रम ठरतो. हे जितके लवकर सुरू होईल तितके हालचाल करणे सोपे राहते. बाळंतपणानंतर पाहू, असे म्हणत बसू नये.

तोवर गुडघ्यांमध्ये उशी ठेवून कुशीवर झोपा, वळताना दोन्ही गुडघे एकत्र वळवा, कपडे बसून घाला आणि जिना एकेक पायरी, दुसरा पाय त्याच पायरीवर आणत, चढा. थोरल्याला कडेवर घेण्याऐवजी तुम्ही बसल्यावर त्याला मांडीवर चढू द्या; त्याची समजूत बहुधा तुमच्यापेक्षा लवकर पटेल. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. सामान्यतः पॅरासिटामॉल सुचवली जाते. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, कारण विशेषतः 20 आठवड्यांनंतर त्यांचा बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते.

मात्र योनीतून रक्त किंवा पाणी जाणे, ताप, लघवीला जळजळ, ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, पोट सतत कडक राहून दुखणे, बाळाची हालचाल मंदावणे, मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा येणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही झाले तर ते या दुखण्याच्या खाती न टाकता त्याच वेळी रुग्णालय गाठा.

या त्रासामुळे सिझेरियनच करावे लागेल, ही तुमची भीती बहुतेक वेळा अनाठायी ठरते. अनेक स्त्रियांची नैसर्गिक प्रसूती होते. कुशीवर किंवा गुडघे आणि हात टेकून राहिल्यास सांध्यांवरचा ताण कमी होतो. न दुखता गुडघे किती अंतरापर्यंत फाकवता येतात, हे फिजिओथेरपिस्टकडून आधीच मोजून घ्या आणि ते माप तपासणीच्या कागदांत नोंदवून ठेवा. पाठीत इंजेक्शन देऊन वेदना बंद केल्या असतील, तर पाय त्या मापापलीकडे ताणले गेले तरी तुम्हाला कळणार नाही. म्हणून प्रसूतीच्या वेळी सोबत जे कोणी असेल, त्यालाही ते माप सांगून ठेवा.