स्वमग्न विद्यार्थ्यांचा गट दोन बैठकांत का मोडतो?

प्रश्न : मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे. कॉलेजात आमच्यासारख्यांचा एक गट सुरू झाला होता. गोल बसून ओळख करून द्यायची, मग ‘मोकळेपणानं बोला’. दोन बैठकांत बंद पडला. पुन्हा सुरू करायचा तर काय बदलू? स्वमग्नतेचं प्रमाणपत्र नसलेल्यांना घ्यावं का?

उत्तर : ‘या मुलांना माणसंच नकोत’ असं कुणी म्हणालं तर मुळीच मान्य करू नका. एडिंबरात २०२० साली एक प्रयोग झाला. आठ जणांच्या साखळीत एकानं दुसऱ्याला गोष्ट सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत तपशील ऑटिस्टिक नसलेल्यांच्या साखळीइतकेच टिकले. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. म्हणजे आपसात बोलणं जमतं; तुमचा गट पद्धतीमुळे मोडला.

ओळखपरेड काढून टाका. दर आठवड्याला तोच वार, तीच खोली, बरोबर एक तास. कॅन्टीन नको, भांडी आणि मिक्सरच्या आवाजातच निम्मी शक्ती जाते. मागच्या बाजूची वर्गखोली घ्या, अर्ध्या ट्यूबलाइट बंद ठेवा. दोन दिवस आधी मेसेज पाठवा : खोलीचा फोटो, कोण येणार, काय होणार, किती वाजता संपणार. पहिली ४० मिनिटं प्रत्येकानं आपापलं काम करायचं, शेजारी बसून. उरलेली २० मिनिटं एकच ठरलेला विषय : तोंडी परीक्षा, जर्नल सबमिशन, ग्रुप प्रोजेक्टमधली कामवाटणी. बोलायचं नसेल त्यानं टाइप करावं. गप्प बसून जाणाराही आलेलाच धरायचा.

संयोजक दोघं हवेत. सबमिशनच्या आठवड्यात एकटा संयोजक थकून गळतो आणि गट तिथेच संपतो. व्हॉट्सॲपवर सूचनांचा गट वेगळा करा, त्यात फक्त ॲडमिननं लिहावं. दोनशे न वाचलेले मेसेज पाहून माणसं गट सोडतात. नावांची यादी कॉलेजला द्यायची नाही. मध्यरात्री कुणी फार खचून मेसेज केला तर काय करायचं, हेही आधीच ठरवा : टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतही. ते ओझं एकोणीस वर्षांच्या मित्रावर टाकणं दोघांनाही घातक आहे.

प्रमाणपत्र मागू नका. तपासणी महाग असते, आणि अनेक मुलींचं निदान फार उशिरा होतं. परीक्षेत वाढीव वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर मात्र प्रमाणपत्र लागतं. स्वमग्नता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. प्रमाणपत्रासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा, आणि सत्राच्या सुरुवातीलाच. हॉल तिकीट आल्यावर धावपळ करून काही हाती लागत नाही.