श्वेत बटूंवर संशोधन करायचे आहे : बी.एस्सी.नंतरचा रस्ता

आदरणीय भाऊसाहेब,
सप्रेम नमस्कार.

रावेरहून पाठवलेले आपले पत्र मिळाले. आपली मुलगी जळगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकते आहे आणि श्वेत बटूचे वस्तुमान व तो ज्या ताऱ्यापासून बनला त्या जनक ताऱ्याचे वस्तुमान, यांच्या नात्यावरच पुढे संशोधन करायचे असे तिने ठरवले आहे. विझलेल्या ताऱ्याचे मूळ वस्तुमान आज कसे कळणार आणि यात पोटापाण्याची सोय काय, असे आपण विचारले आहे. तिला रोज नेमके काय करावे लागेल हे पहिल्या प्रश्नातून कळते, म्हणून तो आधी घेतो.

सूर्याच्या सुमारे आठपटीपर्यंत वस्तुमान असलेले तारे अखेरीस फुगतात, बाहेरचे थर अवकाशात सोडून देतात, आणि मागे पृथ्वीएवढ्या आकाराचा अतिघन गाभा उरतो. तो श्वेत बटू. आपल्या सूर्याचे आजच्या सुमारे ०.५४ पट वस्तुमान मागे उरेल असा अंदाज आहे.

आपण शेतकरी आहात, कृत्तिका नक्षत्र आपल्याला दाखवावे लागणार नाही. त्या तारकागुच्छातले सर्व तारे एकाच सुमारास, साधारण १२.५ कोटी वर्षांपूर्वी जन्मले. त्यात एक श्वेत बटू आहे. त्याच्या वर्णपटातील, म्हणजे रंगांत विभागलेल्या प्रकाशातील, हायड्रोजनच्या रेषा किती रुंद झाल्या आहेत यावरून त्याचे तापमान आणि पृष्ठावरील गुरुत्व काढतात. त्यावरून वस्तुमान सूर्याच्या १.०५ पटीच्या आसपास येते आणि तो साडेपाच कोटी वर्षांपासून निवतो आहे असे कळते. गुच्छाच्या वयातून हा काळ वजा केला की जनक तारा सुमारे सात कोटी वर्षे जगला असे निघते, आणि इतकेच आयुष्य असलेला तारा सूर्याच्या जवळपास सहापट असतो. म्हणजे सहातले पाच भाग त्याने गमावले. मात्र गुच्छाचे वय एक कोटी वर्षांनी चुकले, तर ती सगळी चूक त्या सात कोटींत उतरते. या कामाचा खरा कस अशा चुकांचा हिशेब ठेवण्यातच लागतो, आणि तो हिशेब तिला कंटाळवाणा वाटतो की नाही, हे मी तिच्या गुणपत्रिकेपेक्षा महत्त्वाचे मानतो.

हा विषय संपलेला नाही. जड ताऱ्यापासून जड श्वेत बटू, असा सरळ चढता आलेख पूर्वी गृहीत धरत. पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सूर्याच्या १.६५ ते २.१ पट वस्तुमानाच्या जनक ताऱ्यांपाशी तो आधी वर जाऊन मग खाली येताना दिसला. तिथे धूळ कमी बनते, ताऱ्याचा वारा, म्हणजे त्यातून बाहेर वाहणारा वायू, मंद राहतो आणि गाभ्याला वाढायला जास्त वेळ मिळतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले. ‘गाया’ या युरोपीय उपग्रहाच्या मोजमापांमुळे गुच्छातला खरा सदस्य कोण आणि वाटेत आडवा आलेला परका तारा कोण, हे आता पुष्कळ खात्रीने ठरवता येते. ही माहिती सर्वांना विनामूल्य खुली आहे. तेव्हा तिने या सुट्टीत पायथॉन ही संगणकाची भाषा शिकून रोहिणीजवळचा तारकागुच्छ घ्यावा आणि त्याचे सदस्य स्वतः निवडून पाहावेत. त्यासाठी घरचा साधा लॅपटॉप पुरतो.

आता पोटापाण्याचे. भौतिकशास्त्र मुळीच सोडू नये आणि गणिताकडे दुर्लक्ष करू नये. तिसऱ्या वर्षी तिने ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा द्यावी. त्यातून आयआयटीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. तो न मिळाल्यास आपल्या जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात एम.एस्सी. करावी, त्यात काहीही कमीपणा नाही. पुढे ‘जेस्ट’ किंवा ‘नेट’ ही परीक्षा देऊन पुण्याची आयुका, बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था किंवा नैनितालची एरीज या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थांत पीएच.डी. करता येते. ‘नेट’मधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता असा दर आहे, त्या काळात आपल्यावर तिच्या खर्चाचा भार पडू नये.

कायम नोकऱ्या थोड्या आहेत आणि पीएच.डी.नंतरही काही वर्षे तात्पुरत्या नेमणुकांत जातात, हे मात्र स्पष्ट सांगतो. नेट किंवा राज्याच्या सेट या पात्रता परीक्षेच्या बळावर प्राध्यापकी, किंवा माहिती-विश्लेषणातील नोकरी, हे पर्याय तिला खुले राहतील. लग्नाचे बोलणे एम.एस्सी.पर्यंत थांबवावे, ही माझी आपल्याला विनंती आहे. ‘जॅम’चे अर्ज बहुधा सप्टेंबरमध्ये निघतात, तिसऱ्या वर्षाला गेल्यावर तो चुकू देऊ नका.

आपला,
करिअर मार्गदर्शक, जळगाव