एफडी मोडून नाताळचा साबण?

प्रश्न : आम्ही वसईत, निर्मळच्या बाजूला राहतो. दोन वर्षांपासून मी घरी साबण करते आणि ओळखीत विकते. गेल्या नाताळात १४० गेले, यंदा दिवाळीत ११०. १३ आणि १४ डिसेंबरला जवळच्याच नाताळ बाजारात ६,००० रुपयांत स्टॉल मिळतो आहे. ऑगस्टपासून मिस्टरांचा ओव्हरटाइम बंद झाला. पूर्वी ४६,००० यायचे, आता ३४,००० येतात आणि घरात ३१,००० जातात. त्यामुळे नाताळ साधाच करायचा ठरवलंय. गेल्या वर्षी ३८,००० खर्च झाला होता, यंदा यादी १८,००० ची आहे, म्हणजे वीस हजार वाचले, तेही साबणात घालीन. आमची १,२०,००० ची एकच एफडी आहे. दोन वर्षांची, त्यातले चौदा महिने झालेत. ती मोडून ६०,००० साबणात घालू का? १,००० साबण करीन. एक २५ रुपयांत पडतो आणि १०० ला जातो, म्हणजे ७५,००० सुटतील. साचे दोन आहेत, दसऱ्याला ओतलेले ५२ साबण फडताळात आहेत. खर्चाची चिठ्ठी आणि नाताळची यादी सोबत पाठवते. मिस्टर म्हणाले, आधी कुणाला तरी विचार.

उत्तर : ताई, मिस्टरांचं ऐकलंत ते बरं झालं. एफडी मोडू नका आणि यंदा स्टॉलही घेऊ नका. साबण मात्र बंद करायचा नाही. आता हे का म्हणते ते सांगते.

पैशांच्या आधी कॅलेंडर बघू. तुम्ही कॉस्टिक सोडा घालून थंड पद्धतीने, म्हणजे मिश्रण न शिजवता, साबण करता, तो ओतल्यावर निदान चार आठवडे वाळावा लागतो. सहा झाले तर उत्तम. हे लिहिते आहे तेव्हा ५ नोव्हेंबर आहे. १३ डिसेंबरला विकायचा साबण १५ नोव्हेंबरपर्यंत साच्यात पडायला हवा, म्हणजे हातात दहा दिवस आहेत. तुमच्याकडे साचे दोन, एका साच्यात १३ वड्या, आणि साचा दोन दिवसांनी मोकळा होतो. दहा दिवसांत दहा घाणे, १३० साबण. १,००० साबणांना ७७ घाणे लागतील. साचे आणखी आणाल, पण नुसतं तेल तापवून, कॉस्टिक कालवून ओतायला घाण्यामागे दीड तास धरला तरी ११५ तास झाले. रोज साडेअकरा तास, तेही कॉस्टिकची वाफ असलेल्या स्वयंपाकघरात आणि मुलं घरात असताना. एफडी मोडून तेल मिळेल, साचे मिळतील. वाळायचे चार आठवडे काही विकत मिळायचे नाहीत.

आता २५ रुपयांचं बघू. तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठीवरूनच हिशेब मांडला. एका घाण्याला खोबरेल अर्धा किलो २१० रुपये, राइस ब्रॅन साडेतीनशे ग्रॅम ६०, एरंडेल दीडशे ग्रॅम ३३, कॉस्टिक १४८ ग्रॅम २२. झाले ३२५, तेराने भागले की बरोबर २५. पण त्याच चिठ्ठीच्या मागच्या बाजूला सुगंधी तेलाचे ९० आणि खोकं-लेबलाचे वडीमागे ९ असं लिहिलंय, ते बेरजेत आलंच नाही. ते धरलं की घाणा ५३२ रुपयांचा होतो आणि साबण ४१ चा. (पाठीमागच्या बाजूचा हिशेब राहून जाणं हा घरगुती धंद्यातला सगळ्यात नेहमीचा प्रकार. माझ्याकडे पापडवाल्या, मसालेवाल्या बायका येतात, तिथेही खर्चाचा अर्धा भाग कागद उलटल्यावरच सापडतो.) शिवाय खोबरेलाचा भाव या दोन वर्षांत बराच वाढलाय आणि तुमची विक्रीची किंमत मात्र दोन वर्षं १०० वरच आहे. पुढच्या वेळी १२० लावा. घेणारे घेतील.

हा ४१ चा साबण स्टॉलवर नेऊन बघू. १३० साबण होतील आणि समजा सगळे गेले. आले १३,०००. सामानाचे ५,३२० गेले, स्टॉलचे ६,०००. उरले १,६८०. कापून, गुंडाळून होईपर्यंत घाण्यामागे अडीच तास, म्हणजे दहा घाण्यांचे २५ तास. स्टॉलवर दोन दिवस उभं राहायचे १६ तास. तासाला ४१ रुपये पडले. आणि हे एकही वडी न उरता.

याहून मोठी गोष्ट परवान्याची आहे. तुम्ही ती विचारली नाहीत, पण मला ती सोडता येत नाही. आपल्याकडे अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत येतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याखाली आता २०२० चे नियम आहेत, आणि विक्रीसाठी साबण करायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. त्यासाठी वेगळी जागा लागते. जेवण होतं तो ओटा चालत नाही. ओळखीत शंभर-सव्वाशे साबण विकणाऱ्याकडे कुणी बघत नाही हे खरं, पण नियम ओळखीतल्या विक्रीलाही सूट देत नाही. मग फलक लावून, खोक्यावर नाव-पत्ता छापून बाजारात बसायचं आणि त्यासाठी घरातली एकमेव पुंजी मोडायची, असा सल्ला मी देणार नाही.

जीएसटीची मात्र धास्ती घेऊ नका. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर, समजा बंगळुरूला, पार्सलने विकायला लागलात तर तो नियम बदलतो, एवढंच ध्यानात असू द्या.

एफडी मोडल्याचा दंड तसा किरकोळ असतो. बऱ्याच बँका जितके दिवस पैसे राहिले त्या मुदतीचा दर धरतात आणि त्यातून एखादा टक्का कापतात. माझी हरकत दंडाला नाहीच. तुमचे महिन्याला ३१,००० जातात, म्हणजे ही एफडी जेमतेम चार महिन्यांचं घर आहे. ओव्हरटाइम गेलाय, उद्या पाळीच कमी झाली तर हाताशी दुसरं काही नाही. दवाखान्यासारखी अडचण आलीच तरी ती मोडायची नाही. बँकेत एफडीवर ओव्हरड्राफ्ट मागायचा, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तेवढेच पैसे उचलायची सोय. एफडीच्या दराहून एक-दोन टक्के जास्त व्याज पडतं, तेही जेवढे उचलाल तेवढ्यावरच, आणि एफडी जागेवर राहते.

आता नाताळ. तुमची १८,००० ची यादी बघून बरं वाटलं, कारण त्यात केकचं सामान आहे, बेकरीत भाजायला द्यायचे पैसे आहेत, करंज्या-कलकल आहेत, पंचवीस तारखेचं जेवण आहे. या गोष्टींना हात लावायची गरज नाही. पण गेल्या वर्षीच्या ३८,००० तून हे वजा करून 'वीस हजार वाचले, ते साबणात घालीन' असं जे लिहिलंत, ते वीस हजार आहेत कुठे? गेल्या वर्षी होते, यंदा पगारातच आले नाहीत.

खरंच हाताशी काय आहे ते मोजू. नोव्हेंबर आणि डिसेंबरचे मिळून ६,००० उरतील. दिवाळीच्या विक्रीचे ११,००० डब्यात आहेत. त्यातले ४,५०० पुढच्या तेलाचे आणि खोक्यांचे, ते डब्यातच ठेवा. उरलेले ६,५०० तुमच्या मेहनतीचे. ते खुशाल नाताळात खर्च करा, कुणाला विचारायला नको. म्हणजे नाताळचं बजेट १२,५०० झालं.

आणि फडताळात दसऱ्याला ओतलेले ५२ साबण आहेत ना? ते पाच आठवड्यांचे होत आले, नाताळपर्यंत चांगले टणक होतील. यादीत भेटवस्तूंना ४,५०० धरलेत, ते काढून टाका. सव्वीस घरांना दोन-दोन साबण द्या. खोकंही नको, जुन्या सुती साडीच्या पट्टीत बांधून वर सुतळीची गाठ मारा. कुणी विचारलं तर सांगा, घरचा आहे. मात्र 'मी ५,२०० ची भेट दिली' असं मनात धरू नका, ती दोन हजारांच्या आतलीच आहे. यादी १३,५०० वर आली, अजून हजार कमी करायचे. नवे कपडे मुलांनाच घ्या, आणि कंदील माळ्यावरचा गेल्या वर्षीचाच उतरवून नवा कागद लावा. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याला पेंढा शेजारच्या वाडीतून येतोच.

धंदा वाढवायचा असेल तर त्याची वाट वेगळी आहे. परवाना असलेल्या कारखान्यात आपल्या कृतीने साबण करून घ्यायचा आणि आपल्या नावाचं लोन लायसन्स काढायचं. नावात लोन असलं तरी कर्जाशी काही संबंध नाही, दुसऱ्याची जागा वापरायची परवानगी एवढाच अर्थ. पावसाळ्याआधी असे दोन-तीन कारखाने गाठा आणि तीनच गोष्टी विचारून या : कमीत कमी किती किलो करून देतात, वडीमागे काय घेतात, आणि चाचणीचा खर्च कुणाचा. तुमची एफडी पुढच्या सप्टेंबरात मुदत भरते. तोवर मिस्टरांचा पगार पूर्वीसारखा झाला असेल आणि हे तीन आकडे तुमच्याकडे असतील, तर मला परत लिहा. सप्टेंबरात ठरवलं तरी नाताळचा साबण ओतायला दोन महिने मिळतात.