ज्युनियर वर्ल्डचा इतिहास लिहायला बसण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

सॅन डिएगोच्या ज्युनियर वर्ल्ड गोल्फ स्पर्धेचा इतिहास मराठीत लिहायला घेतलास, याचा मनापासून आनंद झाला. तुझा आराखडा वाचला. आधी स्थापना, मग टायगर वुड्स, मग इतर मोठी नावं, शेवटी भारतीय मुलं. माझं ऐकशील तर हा आराखडा बाजूला ठेव. यात एक गोष्ट गृहीत धरली गेली आहे, आणि नेमकी तीच चुकीची आहे. ही एक स्पर्धा नव्हेच. एकाच शहराच्या परिसरात, एकाच वेळी, वेगवेगळ्या वयाची मुलं वेगवेगळ्या मैदानांवर वेगवेगळ्या अंतराचे होल खेळतात आणि त्या सगळ्याला मिळून आपण ज्युनियर वर्ल्ड म्हणतो. त्यामुळे 'अमक्याने ज्युनियर वर्ल्ड जिंकलं' हे वाक्य अर्धंच आहे. कोणत्या वयोगटात, कोणत्या मैदानावर, कुठल्या टीवरून (होलचा पहिला फटका जिथून मारतात ती जागा), हे आलं की ते पुरं होतं.

टायगरचंच उदाहरण घे, कारण वाचक सगळ्यात आधी तेच शोधणार. त्याने ही स्पर्धा सहा वेळा जिंकली : १९८४, १९८५ आणि मग १९८८ ते १९९१ सलग चार वर्षं. आता 'सलग चार' वाचलं की डोळ्यांसमोर एकच चषक चार वेळा उचलणारा मुलगा येतो. गणित मांडून बघ. त्याचा जन्म ३० डिसेंबर १९७५ चा, स्पर्धा जुलैतली. म्हणजे १९८८ मध्ये तो पुरत्या १२ वर्षांचा, गट ११-१२. १९८९ मध्ये १३ आणि १९९० मध्ये १४, दोन्ही वर्षी गट १३-१४. १९९१ मध्ये १५ पूर्ण, गट १५-१७. चार विजय तीन गटांतले आहेत, आणि १९९१ चा विजय त्यांतला सर्वांत अवघड, कारण तिथे साडेपंधरा वर्षांचं पोर सतरा वर्षांच्या मुलांशी खेळत होतं. बारा ते सतरा या वयात एका वर्षात खांदे, उंची, फटक्याचं अंतर सगळं बदलतं. गटात वयाने लहान असताना जिंकणं आणि मोठं असताना जिंकणं यांत फार फरक आहे. तो वाचकाला दाखवायचा असेल तर प्रत्येक विजेत्याचं स्पर्धेच्या दिवशीचं वय वर्षं आणि महिन्यांत काढून ठेव.

१९८४ चा त्याचा पहिला विजय ९-१० वयाच्या गटातला, पण तेव्हा तो आठच वर्षांचा होता. इथे बरेच जण अडखळतात. त्याहून लहान गट तेव्हा नव्हता, म्हणून आठ वर्षांचं मूलही त्याच गटात खेळायचं. पुढे सहा वर्षांच्या आतले, सात-आठ वर्षांचे असे गट आले. म्हणून १९८४ चा '९-१०' आणि २०१५ चा '९-१०' एकाच रांगेत मांडताना जपून. गटाचं नाव सारखं असलं तरी खाली उभी असलेली मुलं सारखी नसतात.

मैदानांचा भाग सविस्तर लिही. या स्पर्धेचा जीव तिथे आहे.

टोरी पाइन्स ला होया भागात, समुद्रालगतच्या कड्यावर आहे. (La Jolla या स्पॅनिश वळणाच्या नावाचा उच्चार 'ला होया', 'ला जोला' छापू नकोस.) दुसऱ्या महायुद्धात तिथे कॅम्प कॅलन नावाचा लष्करी तळ होता. १९५७ मध्ये तिथे शहराच्या मालकीचं गोल्फचं मैदान सुरू झालं. आखणी विल्यम एफ. बेल यांची, आणि १८-१८ होलची दोन मैदानं, नॉर्थ आणि साउथ. शहराच्या मालकीचं, हे शब्द अधोरेखित कर. खासगी क्लबचे सभासद भर मोसमात आपलं मैदान आठवडाभर पोरांच्या स्वाधीन सहज करत नाहीत. नगरपालिकेचं मैदान असलं की ती गोष्ट शहराच्या धोरणाची होते. त्यात सॅन डिएगोचा जुलै जवळपास कोरडा. त्याच महिन्यात पुण्या-मुंबईच्या मैदानांवर पाणी साचलेलं असतं, हे आपल्या वाचकाला एका ओळीत सांग, म्हणजे तारखेचं महत्त्व त्याच्या लगेच लक्षात येईल.

पहिली ज्युनियर वर्ल्ड १९६८ ची. सॅन डिएगो ज्युनियर गोल्फ असोसिएशन ही स्थानिक संस्था ती भरवते. त्याच १९६८ साली व्यावसायिकांची सॅन डिएगो ओपनही टोरी पाइन्सवर आली आणि ती टॉम वायस्कॉफने जिंकली. याच वायस्कॉफने पुढे २०१६ मध्ये नॉर्थ मैदानाची फेरआखणी केली. एकाच वर्षी, एकाच सार्वजनिक मैदानावर मोठ्यांची आणि छोट्यांची स्पर्धा सुरू होते, हा तुझ्या पहिल्या प्रकरणाचा कणा होऊ शकतो.

साउथ मैदानाच्या इतिहासात २००१ साली रेघ मार. त्या वर्षी रीस जोन्सने ते नव्याने बांधलं आणि मागच्या टीवरून ते ७,६०० यार्डांच्या घरात गेलं. २००८ च्या यू. एस. ओपनला ते ७,६४३ यार्ड आणि पार (चांगल्या खेळाडूकडून अपेक्षित फटके) ७१ होतं. एरवी त्याचा पार ७२. मुलं अर्थातच त्या टीवरून खेळत नाहीत. तेव्हा ७,६४३ हा आकडा मुलांच्या प्रकरणात कुठेही शिरू देऊ नकोस. आणि १९७० च्या दशकातला एखादा स्कोअर २००१ नंतरच्या स्कोअरशेजारी ठेवून 'विक्रम मोडला' असं लिहू नकोस. मैदानच बदललेलं आहे.

दुसरं टोक म्हणजे प्रेसिडियो हिल्स. ओल्ड टाउनजवळचं छोटं मैदान, अठराही होल पार ३ चे, म्हणजे एकूण पार ५४. सर्वांत लहान मुलं तिथे खेळायची. आता समज, जुन्या कागदावर तुला नुसतं '५६' दिसलं. पार ७२ च्या हिशेबाने हा आकडा अशक्य वाटेल आणि तू छपाईची चूक म्हणून खोडून टाकशील. प्रेसिडियो हिल्सवर मात्र ते पारपेक्षा दोनच जास्त आहे. म्हणून आकड्याशेजारी पार लिहिल्याशिवाय एकही स्कोअर वहीत उतरवायचा नाही.

टोरी पाइन्सच्या रफमध्ये, म्हणजे खेळायच्या पट्ट्याच्या कडेला वाढू दिलेल्या भागात, किकुयू गवत आहे. जाड, वेलीसारखं पसरणारं, आडव्या देठांचं. चेंडू त्यात बसला की काठीचं टोक चेंडूपर्यंत पोचण्याआधी देठ काठीच्या मानेला विळखा घालतात, काठी हातात फिरते आणि चेंडू डावीकडे जातो. चौदा वर्षांच्या मनगटात ती काठी सरळ धरून ठेवायची ताकद अजून आलेली नसते. हे गवत मूळचं पूर्व आफ्रिकेतलं आणि दक्षिण आफ्रिकेच्या मैदानांवर नेहमीचं, त्यामुळे तिथून आलेल्या मुलांना ते नवीन नव्हतं. असा एक परिच्छेद लिहिलास की वाचक मैदानावर उभा राहील.

चेंडूही विसरू नकोस. स्पर्धेच्या सुरुवातीच्या काळी अमेरिकेत १.६८ इंच व्यासाचा चेंडू चाले, आणि ब्रिटिश नियमांवर खेळणाऱ्या देशांत १.६२ इंचांचाही चाले. छोटा चेंडू वाऱ्यात जास्त तग धरतो. ब्रिटिश ओपनमध्ये मोठा चेंडू १९७४ पासून सक्तीचा झाला, छोटा चेंडू पूर्ण बाद झाला तो १९९० मध्ये. सुरुवातीच्या वर्षांत घरी छोट्या चेंडूची सवय झालेलं मूल समुद्रवाऱ्यात मोठा चेंडू खेळताना दोनदा विचार करणारच. काठ्यांचंही तसंच. लहान मुलांना मोठ्यांच्या काठ्या कापून देत. दांडा कापला की तो अधिक ताठ होतो, डोकं मात्र तेवढंच जड राहतं. मग पोर काठी फिरवण्याऐवजी अंगाने ओढतं.

नावांच्या रकान्यात तीन ठिकाणी घोळ होतो. पहिला, स्पर्धेच्या नावाचा. पुरस्कर्ते बदलले तसं नाव बदललं : कधी ऑप्टिमिस्ट, कधी कॅलवे, कधी आयएमजी अकॅडमी. या तीन स्पर्धा समजू नकोस. उलट पाइनहर्स्टला भरणारी यू. एस. किड्सची जागतिक स्पर्धा मात्र पूर्ण वेगळी. आपल्याकडच्या बातम्यांत दोन्हींना सर्रास 'जागतिक ज्युनियर' म्हटलं जातं, म्हणून शहराचं नाव बघितल्याशिवाय बातमी घेऊ नकोस. दुसरा घोळ देशांचा. निक प्राइसने १९७४ मध्ये ही स्पर्धा जिंकली तेव्हा त्याच्या देशाचं नाव ऱ्होडेशिया होतं. झिम्बाब्वे हे नाव १९८० चं. त्या वर्षीच्या यादीत तेव्हाचं नाव ठेव, आजचं तळटीपेत दे. तिसरा मुलींच्या नावांचा. लग्नानंतर आडनाव बदललं की पुढच्या बातम्यांत तीच खेळाडू सापडत नाही आणि ती 'पुढे खेळली नाही' असा खोटा निष्कर्ष निघतो. दोन्ही आडनावांनी शोध. मुलींचं स्वतंत्र, शेवटचं प्रकरण करू नकोस, वर्षागणिक मुलांच्या बरोबरीने लिही. मेक्सिकोच्या लोरेना ओचोआने इथे सलग पाच विजेतेपदं मिळवली. सलग विजयांत ती टायगरच्या पुढे आहे, आणि हे कुठल्या तरी कोपऱ्यात छापणं अन्याय्य होईल.

साधनांबद्दल. सॅन डिएगोत सकाळचा 'युनियन' आणि दुपारनंतरचा 'ट्रिब्यून' अशी दोन वर्तमानपत्रं होती, ती १९९२ मध्ये एक झाली. त्याआधीच्या वर्षांसाठी दोन्ही चाळावी लागतील. दुपारचा अंक खेळ संपायच्या आत छापायला जातो, म्हणून त्यातली आघाडी बऱ्याचदा अर्ध्या दिवसाची असते. अंतिम निकाल दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या अंकातूनच घे.

मूळ स्कोअरकार्ड हाती आलं तर ते सावकाश वाच. दोन सह्या असतात, एक खेळाडूची, एक मार्करची, म्हणजे त्याचे फटके नोंदवणाऱ्याची. नियमाप्रमाणे खेळाडू प्रत्येक होलच्या आकड्याला जबाबदार असतो, बेरजेला नव्हे; बेरीज समितीचं काम. म्हणून कार्डाखालची बेरीज आणि छापील निकाल जुळत नसेल तर अठरा आकडे स्वतः मिळव आणि तेच खरं धर. एखाद्या होलला खऱ्यापेक्षा कमी फटके लिहून सही केली तर खेळाडू बाद होतो, जास्त लिहिले तर ते तसेच राहतात. लहान मुलांच्या यादीत आदल्या फेरीतलं नाव दुसऱ्या फेरीत गायब झालं, तर आजारपण किंवा माघार लिहिण्याआधी हे कारणही तपास. बाद झालेल्या मुलाचं नाव मात्र पुस्तकात छापू नकोस. ते दहा वर्षांचं होतं.

भाषेचं एक सांगतो. स्कोअरला 'गुण' म्हणू नकोस. गुण जास्त असलेला जिंकतो असं मराठी वाचक धरतो, आणि इथे उलटं आहे. 'फटके' लिही : '५ फटक्यांनी जिंकला', 'पारपेक्षा ३ फटके कमी'. टी, ग्रीन, रफ, होल हे शब्द आहेत तसेच ठेव. 'छिद्र' वगैरे नको.

भारतीय प्रकरणात शुभम जगलानचं नाव येईलच. पानिपत जिल्ह्यातल्या इसराना गावच्या या मुलाने २०१५ मध्ये ९-१० गट जिंकला. त्याच्यावर लिहिताना 'आता पुढचा टायगर' हे त्या वेळचं मथळ्याचं वाक्य उचलू नकोस. क्रेग स्टॅडलर १९७१ चा विजेता, कोरी पेव्हिन १९७७ चा, दोघेही पुढे मोठ्या स्पर्धा जिंकले. पण विजेत्यांच्या याद्यांत ज्यांचं नाव पुढे कुठेच दिसत नाही अशी मुलंही आहेत, आणि स्पर्धेचा इतिहास त्यांचाही आहे. दहाव्या वर्षी चषक उचलणं ही पुरी झालेली गोष्ट आहे. तिला पुढच्या कारकिर्दीचा दाखला लागत नाही.

सुरुवात १९६८ पासून करू नकोस, १९८४ पासून कर. त्या एका वर्षात तुला सगळे प्रश्न भेटतील. ९-१० गटात आठ वर्षांचा टायगर. १३-१४ गटात दक्षिण आफ्रिकेचा चौदा वर्षांचा एर्नी एल्स पहिला आणि सॅन डिएगोचाच फिल मिकेलसन दुसरा. घरच्या मैदानाची ओळख असून तो मागे राहिला, हे कसं झालं याचा शोध फेरीगणिक आकड्यांतूनच लागेल. वहीत आडवे रकाने आख : गट, मैदान, टी, यार्ड, पार, फेऱ्या, फटके, वय, देश, साधन. एका ओळीला एक खेळाडू. एखाद्या रकान्यासाठी पुरावा मिळाला नाही तर तो मोकळा सोड, अंदाजाने भरू नकोस. १९८४ चं पान असंच, मोकळ्या जागांसकट, मला पाठव. १९८५ ला हात त्यानंतर घालू.

तुझा,
एक जुना गोल्फप्रेमी