बोट कधी सोडावे?

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी मी दोन मित्रांसह एक स्टार्टअप सुरू केले. वर्षभरातच आम्हाला मुलगी झाली. ती आता दोन वर्षांची आहे. ‘कंपनी हे माझे पहिले अपत्य’ असे मी सहज बोलून जातो, आणि पत्नीला ते खटकते. मला मात्र दोन्हींत खरोखरच साम्य दिसते : जागरणे, सततची काळजी आणि पुढे काय होईल याची अनिश्चितता. ही तुलना कितपत योग्य आहे, आणि तिचा मला काही उपयोग होईल का?

उत्तर : तुम्ही सांगितलेली साम्ये खरी असली तरी वरवरची आहेत. जागरण आणि काळजी आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याच्याही वाट्याला येतात. माझ्या मते खरे साम्य एकच आहे आणि ते फार मोलाचे आहे : दोन्ही ठिकाणी आरंभी सर्व काही स्वतः करावे लागते आणि पुढे तेच करणे हळूहळू थांबवावे लागते.

डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने आणि मनोविश्लेषकाने १९५३ मध्ये ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना मांडली. अशी आई सुरुवातीला बाळाच्या गरजांशी जवळजवळ पूर्णपणे जुळवून घेते आणि पुढे, बाळाची उणीव सोसण्याची क्षमता वाढते त्या प्रमाणात, हे जुळवून घेणे थोडे थोडे कमी करत जाते. विनिकॉट यांच्या दृष्टीने हे कमी होणे म्हणजे आईची चूक नव्हे. त्यातूनच बाळाला बाहेरच्या जगाची ओळख होते. कंपनीचेही असेच असते. पहिल्या वर्षी प्रत्येक ग्राहकाच्या तक्रारीला संस्थापकाने स्वतः उत्तर देणे योग्यच असते, कारण उत्पादनातील उणिवा कळण्याचा त्याहून चांगला मार्ग नाही. तिसऱ्या वर्षीही तो तेच करत असेल, तर सहकारी प्रत्येक निर्णयासाठी त्याच्या दाराशी येऊन थांबतात आणि ते निर्णय घेऊ शकत नाहीत, अशी तक्रार तोच करू लागतो.

तुमची मुलगी नुकतीच ज्या अवस्थेतून गेली, ती आठवून पाहा. मानसशास्त्रज्ञ करेन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुले मोकळेपणी खेळताना तासाभरात सरासरी २,३६८ पावले टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. एवढ्या वेळा पडणारे मूल आपण रोज पाहतो आणि तरी त्याला नालायक ठरवत नाही. नव्या सहकाऱ्याची पहिली चूक होताच मात्र काम परत आपल्या हाती घेतो.

सगळीकडे बोट सोडावे, असे मी म्हणत नाही. खोलीत मूल पडले तर ते उठते. रस्ता ओलांडताना त्याचा हात कोणी सोडत नाही. हाच विवेक कंपनीत हवा. जो निर्णय चुकल्यास आठवडाभरात मागे घेता येतो, तो सहकाऱ्यांवर सोपवावा आणि चुकताना दिसला तरी शक्यतो मध्ये पडू नये. पगाराचे पैसे, ग्राहकांची खासगी माहिती, कायदेशीर बांधिलकी या बाबतींत मात्र हात घट्ट धरावा. तिघा संस्थापकांनी एकदा बसून या दोन प्रकारच्या निर्णयांची विभागणी लिहून काढावी. मी स्वतः हे फार उशिरा केले आणि तोपर्यंत दोन चांगले सहकारी आम्हाला सोडून गेले होते.

आता तुमच्या पत्नीच्या नाराजीबद्दल. मला त्यांचे म्हणणे पटते, आणि केवळ भावनेपोटी नव्हे. कंपनी एका हेतूसाठी असते. तो साधत नसेल तर मार्ग बदलता येतो, प्रसंगी काम बंदही करता येते. स्ट्युअर्ट बटरफिल्ड यांच्या कंपनीने ‘ग्लिच’ हा ऑनलाइन खेळ २०१२ मध्ये बंद केला आणि तो घडवताना आपसांतील संवादासाठी तयार केलेल्या साधनातूनच पुढे ‘स्लॅक’ हे कार्यालयीन संवादाचे ॲप उभे राहिले. तो खेळ अपत्य मानून त्यांनी उराशी धरला असता, तर हे घडले नसते. म्हणजे ‘अपत्य’ हा शब्द कंपनीलाही घातक ठरू शकतो, कारण तो मनात बसला की बंद करण्याची किंवा अधिक सक्षम व्यक्तीच्या हाती सूत्रे देण्याची वेळ आली तरी संस्थापकाला ते जमत नाही. मूल मात्र कोणत्याही हेतूसाठी नसते आणि त्याच्या बाबतीत माघार हा पर्यायच नसतो. शिवाय कंपनीची निकड फोनवर वाजते, तर दोन वर्षांच्या मुलीची निकड फक्त समोर बसलेल्या माणसालाच दिसते. तेव्हा हा शब्दप्रयोग सोडा आणि संध्याकाळचे ठरावीक तास मुलीसाठी राखून ठेवा. त्या तासांत कंपनीची जबाबदारी आळीपाळीने दोघा मित्रांकडे असावी.

प्रश्न : मी एका नव्या कंपनीत विक्रीविभाग सांभाळते. तेथील पद्धतीनुसार मी माझ्या दहा वर्षांच्या मुलासाठी महिन्याची उद्दिष्टे आणि प्रगतीचा तक्ता ठेवू लागले. सुरुवातीला त्याला मजा वाटली, पण आता तो गुण आणि चुका लपवतो. माझे काय चुकले?

उत्तर : तक्ता बंद करावा, असे मला स्पष्टपणे वाटते. एखादे माप हेच उद्दिष्ट बनले की ते चांगले माप राहत नाही, हे तत्त्व ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखले जाते. विक्रीविभागात याचा अनुभव तुम्ही घेतला असेलच : आकडा गाठण्यासाठी महिनाअखेरीस कच्चे व्यवहारही पक्के म्हणून दाखवले जातात. तुमचा मुलगाही तेच करतो आहे. फरक इतकाच की, तेथे केवळ आकडा खोटा ठरतो. येथे आईपासून गोष्टी लपवण्याची सवय जडते.

कंपनीतून घरी आणण्याजोगी एक पद्धत मात्र आहे. बिघाड झाल्यावर चांगल्या संघात ‘कोणी केले’ हे न विचारता ‘कसे घडले’ याची उकल करतात आणि दोष कोणाच्याही माथी मारत नाहीत. आठवड्यातून एकदा रात्री जेवण झाल्यावर अशी उकल घरी करून पाहा; पहिले काही आठवडे फक्त तुमच्या स्वतःच्या चुका सांगा, आणि मुलाने काही सांगितलेच तर ते कुठेही लिहून ठेवू नका.