पूरग्रस्त माहेरासाठी मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न : माझं वय ४१. आम्ही दोघं नोकरी करतो, चिंचवडला राहतो. महिन्याला दोघांचे मिळून १ लाख १२ हजार हातात येतात. गृहकर्जाचा हप्ता ३४ हजार, घरखर्च ४५ हजार, एसआयपी १५ हजार. ६ लाखांची मुदत ठेव आहे आणि मुलीच्या शिक्षणासाठी इक्विटी म्युच्युअल फंडात ९ लाख. मुलगी अकरावीत आहे. माझं माहेर माढा तालुक्यात, सीनेच्या काठावर. सप्टेंबर २०२५ च्या पुरात भावाचं तीन एकर सोयाबीन आणि दोन एकर ऊस गेला, सोयाबीनचं एक एकर रान खरडून गेलं, दोन दुभत्या म्हशी वाहून गेल्या. वडील दोन वर्षांपूर्वी वारले, सातबारावर आई, भाऊ आणि मी. भावजयीवर गटाचं ४० हजारांचं कर्ज आहे, भाचा सोलापूरला डिप्लोमाला आहे. भाऊ सावकाराकडून शेकडा तीनने लाखभर उचलायच्या विचारात आहे. पुण्यातल्या गावकऱ्यांनी मदतनिधी सुरू केलाय. मला भावाला २ लाख आणि गावाला २ लाख द्यायचे आहेत. ठेव मोडू की पर्सनल लोन काढू? नवऱ्याचं म्हणणं, मुख्यमंत्री सहायता निधीला २५ हजार दे, करही वाचेल.

उत्तर : तुम्ही द्यायचं ठरवलंय, ते बरोबर आहे. माहेर चिखलात असताना ठेवीवरचं व्याज मोजत बसायचं नसतं. पण ४ लाख हा आकडा मनातून आलाय, हिशेबातून आलेला नाही. शिवाय तुमच्या भावाला आज सगळ्यात जास्त उपयोगी पडेल अशी एक गोष्ट तुमच्याकडे आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही. तिच्याकडे येतोच, आधी पैशाचं बघू.

हप्ता आणि घरखर्च मिळून तुमचे महिन्याला ७९ हजार जातात. दोघांपैकी एकाची नोकरी गेली किंवा घरात मोठं आजारपण आलं, तर सहा महिने तग धरायला ४ लाख ७४ हजार हवेत. म्हणजे ६ लाखांच्या ठेवीतून सव्वा लाख निर्धास्त काढता येतील. त्याच्या पुढचा पैसा तुमच्या घराच्या छपराचा आहे. बऱ्याच बँकांत ठेव अंशतः मोडता येते. तशी सोय नसेल तर पूर्ण मोडून उरलेल्या पावणेपाच लाखांची लगेच नवी करा. दंड म्हणून व्याजात थोडी घट होईल, ती सोसा.

पर्सनल लोन काढू नका. १३ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी २ लाख काढले तर हप्ता ६,७४० च्या आसपास बसतो आणि व्याजापोटी ४२ हजारांवर रक्कम जाते. त्या ४२ हजारांतलं गावात कुणालाच काही मिळणार नाही. मुलीच्या ९ लाखांनाही हात लावू नका. खरं तर दोन वर्षांत लागणारे पैसे अजून सगळेच्या सगळे इक्विटीत असणं हीच चिंतेची बाब आहे. ते टप्प्याटप्प्याने सुरक्षित जागी हलवा, म्हणजे बारावीनंतर प्रवेशाच्या वेळी बाजाराच्या तोंडाकडे बघायला नको.

महिन्याचा हिशेब मांडला तर सगळं जाऊन १८ हजार उरतात. त्यातले ८ हजार वर्षभर माहेरासाठी बाजूला काढा. त्याचे वर्षाचे ९६ हजार होतात. सव्वा लाख आणि हे मिळून २ लाख २१ हजार. एवढं तुम्ही देऊ शकता, आणि यातला एक रुपयाही परत आला नाही तरी तुमचं घर डगमगणार नाही. ४ लाखांपेक्षा हे कमी वाटेल, पण पुराचा फटका दोन आठवड्यांत संपत नाही. पहिल्या पंधरवड्यात किराणा, चादरी, जुने कपडे ढिगाने येतात. जानेवारीत भाच्याच्या मेसचे पैसे भरायला कुणी येत नाही. म्हणून निम्मी मदत आत्ता आणि निम्मी महिन्याच्या महिन्याला, हा माझा आग्रह आहे.

आता भावाला सरकारकडून काय मिळू शकतं ते बघा, कारण तुमचे पैसे त्याच्या उरलेल्या जागेत बसवायचे आहेत. ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेल्या राज्याच्या पॅकेजप्रमाणे कोरडवाहू पिकाला हेक्टरी १८,५००, हंगामी बागायतीला २७,००० आणि खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रोख. दुभत्या जनावराला प्रत्येकी ३७,५००. या दरांनी तीन एकर सोयाबीनचे २२,२००, दोन एकर उसाचे २१,६००, खरडलेल्या एकराचे १८,८०० आणि दोन म्हशींचे ७५,०००. एकूण १ लाख ३७ हजार ६००. पिकांच्या रकमेत रब्बीसाठीचे हेक्टरी १० हजार धरलेले आहेत. ही रक्कम एकदम येईल असं समजू नका, ती तुकड्यातुकड्याने येते. पीक विमा उतरवला असेल तर तो या हिशेबात धरूच नका. एक रुपयातला विमा बंद झाला आणि २०२५ च्या खरिपापासून भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांतल्या प्रत्यक्ष उत्पादनावर ठरते. आली तर वरकड समजा.

यात म्हशींची रक्कम निम्म्याहून जास्त आहे, आणि कागदावाचून अडकते ती नेमकी तीच. जनावर वाहून गेलं की दाखवायला काही उरत नाही. भावाला सांगा, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या पंचनाम्यात म्हशींची नोंद आहे का ते आधी बघ, कानातल्या बिल्ल्याचा नंबर शोध, दूध संकलन केंद्राच्या बिलांच्या नकला जोड. खरडलेल्या रानाची नोंदही पिकाच्या नुकसानीपेक्षा वेगळी झाली पाहिजे. नुसतं ‘सोयाबीन बाधित’ असं लिहिलं गेलं असेल तर त्या एकराचे १८,८०० हातचे जातील.

आणि आता ती बिनखर्चाची गोष्ट. सातबारावर तुमचं नाव आहे, म्हणजे खातं सामाईक आहे. सामाईक खातेदारांची मदत कुणाच्या खात्यावर जमा करायची यासाठी तलाठी इतर खातेदारांची संमती मागतात. लग्न होऊन लांब गेलेल्या बहिणींच्या सह्या नाहीत, म्हणून गावोगाव पैसे लटकतात. तुम्ही आणि आईने भावाच्या नावे संमतीपत्र दिलं की पिकाचे आणि जमिनीचे मिळून ६२ हजारांवर पैसे मोकळे व्हायला वाट होईल. भावाचं खातं आधारशी जोडलेलं आहे का आणि शेतकऱ्याचा ओळख क्रमांक म्हणजे फार्मर आयडी निघालाय का, हेही त्याच वेळी तपासा.

एक मात्र जपा. हे संमतीपत्र फक्त मदतीच्या रकमेपुरतं असतं. हक्कसोडपत्र हा पूर्ण वेगळा कागद आहे, त्याची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी होते आणि त्याने जमिनीतला तुमचा हिस्सा जातो. भावाबद्दल शंका घ्या असं मी म्हणत नाही. पण संकटाच्या गडबडीत ‘सगळे कागद एकदाच करून टाकू’ असं सुचवणारं कुणीतरी भेटतंच. हक्क सोडायचा की ठेवायचा हे कधीतरी शांतपणे ठरवा, पुराच्या चिखलात ठरवू नका.

सावकाराचं कर्ज थांबवणं हे तुमच्या पैशाचं पहिलं काम. शेकडा तीन म्हणजे लाखाला वर्षाचे ३६ हजार. भावाला दोन्ही पिकांची मिळून जी मदत मिळणार आहे, तिच्यातला बहुतेक भाग त्या व्याजातच जाईल. म्हणून सव्वा लाखातले ६० हजार त्याला या आठवड्यात द्या. मोटार दुरुस्त करायला, वाहून गेलेले पाइप आणायला, हरभऱ्याच्या बियाण्या-खताला आणि दोन महिन्यांच्या किराण्याला. रान वाफशावर आलं की पेरणीला दिवस थोडे असतात, तेव्हा पैसा हातात हवा. म्हैस मात्र इतक्यात घेऊ नये. चांगली दुभती म्हैस लाखाच्या घरात जाते आणि साठवलेली वैरण पुरात गेलेली असताना तिला विकतचा चारा घालावा लागेल. जनावरांची भरपाई आली आणि चारा उभा राहिला की बघता येईल.

हे पैसे उसने म्हणून देऊ नका. देणगीच द्या आणि तसं त्याला तोंडाने सांगा, म्हणजे त्याच्या मनावर ओझं राहणार नाही. भाऊ किंवा भावजय यांना दिलेल्या भेटीवर त्यांना कर लागत नाही, रक्कम कितीही असो. चुलत भाऊ मात्र आयकराच्या व्याख्येत नातेवाईक नाही, तिथे वर्षाला ५० हजारांची मर्यादा आहे. पैसे भावजयीच्या खात्यावर पाठवा. भावाचं पीककर्ज थकलेलं असेल आणि त्याच बँकेत त्याचं बचत खातं असेल, तर जमा झालेली रक्कम अडकण्याची भीती असते.

पीककर्ज असेल तर त्यासाठी त्याने सोसायटीत आणि बँकेत लेखी अर्ज द्यावा. आपत्तीत नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे पीककर्जाचं पुनर्गठन होतं. नुकसान निम्म्याहून जास्त असेल तर फेडीला ५ वर्षांपर्यंत मुदत मिळते, त्यात पहिलं वर्ष हप्त्याविना. व्याज चालूच राहतं, ही माफी नव्हे. भावजयीच्या गटाच्या कर्जाला अशी सवलत आपोआप मिळत नाही, वसुलीवाला दर आठवड्याला दारात येतो. तिथेही मुदतवाढीचा अर्ज करायला सांगा. तोवर तुमच्या महिन्याच्या ८ हजारांतून आधी तो हप्ता आणि भाच्याची मेस भागवा. भाचा शिक्षण सोडून कामाला लागला, तर ते नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येणार नाही.

गावाच्या निधीला ४० हजार द्या, पण त्याआधी दोन गोष्टी विचारा. पैसे कुणा एकाच्या बचत खात्यात गोळा होत असतील, तर तो माणूस कितीही सज्जन असो, उद्या हिशेबाचा आणि आयकराचा त्रास त्यालाच होतो. गणेश मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयातून ‘४१ क’ची परवानगी काढतात, तीच काढा आणि दोन सह्यांचं खातं उघडा. किंवा नोंदणी झालेल्या एखाद्या ओळखीच्या संस्थेमार्फत पैसे द्या. खर्चाचा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सरकारी मदत सातबाराच्या मागे जाते. बटईने रान करणारा आणि शेतमजूर यांच्या नावावर सातबारा नसतो. बटईदाराचं बियाणं, खत, मेहनत वाहून गेली तरी मदत मालकाच्या खात्यावर येते. सोयाबीनच नाही, तर काढणीची मजुरी कुठून येणार? गावाच्या निधीने पहिल्यांदा या घरांकडे बघावं. निधी सरसकट वाटायचा आग्रह होईल, कारण त्यात कुणाचा रुसवा नसतो. पण ३०० उंबऱ्यांत ६ लाख वाटले तर घरटी २ हजार येतात, आणि त्यात कुणाचंच काही उभं राहत नाही. तेच पैसे ४० घरांना १५ हजारांप्रमाणे दिले तर त्यांना उचल घ्यावी लागणार नाही. तुमचा शब्द गटात चालत असेल तर एवढं नक्की मांडा.

राहिले २५ हजार. ते मुख्यमंत्री सहायता निधीला द्या, नवऱ्याचा मुद्दा योग्य आहे. तो पैसा तुमच्याच गावात जाईल असं नाही, पण बीड, धाराशिव, जालन्यातही तीच अवस्था आहे. तिथे आयकरात देणगीच्या पूर्ण रकमेची वजावट मिळते, मात्र फक्त जुन्या करप्रणालीत. दोघांपैकी जो जुन्या प्रणालीत असेल, त्याच्या खात्यातून ऑनलाइन भरा. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ५,२०० रुपये कर वाचेल. दोघंही नव्या प्रणालीत असाल तर कर वाचणार नाही, तरी द्या. भावाला किंवा वस्तूरूपाने दिलेल्याची वजावट कुठेच मिळत नाही.

भाऊबीजेला माहेरी जाणारच असाल. दिवाळीच्या सुट्टीत तलाठी कार्यालय बंद असेल, म्हणून एक-दोन दिवसांची रजा वाढवून घ्या. आधार कार्ड आणि सातबाऱ्याचा ताजा उतारा सोबत ठेवा, आईलाही बरोबर न्या, आणि संमतीपत्रावर दोघींच्या सह्या करून पोच घेऊनच पुण्याला निघा.