टाइप रेटिंगची घाई नको

अरे बाबू, सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, होऊन दीड वर्ष झालं आणि तू अजून मालवणात बसून विमान कंपन्यांच्या मेलची वाट बघतोयस. चिडणारच. माझंही तसंच गेलं. एका कंपनीने लेखी, सायकोमेट्रिक, सिम्युलेटर सगळं घेतलं, मुलाखतही झाली. मग आठ महिने ना हो, ना नाही. फोन केला की 'कळवू'.

एक मात्र ऐक. कलमांची बाग गहाण टाकून ए३२०चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका जातीचं विमान उडवायची परवानगी, आताच करू नको. ऑफर नसताना केलेलं रेटिंग नुसतं पडून राहतं. ते चालू ठेवायला पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा पैसे. आणि उद्या जागा निघाली ती एटीआरवर, म्हणजे वेगळ्याच जातीच्या विमानावर, तर? एजंट सांगेल, 'रेटिंग असलं की नोकरी पक्की.' त्याचं कमिशन पक्कं असतं, एवढंच.

भरतीला ओहोटी असतेच, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली, २०२३ मध्ये गो फर्स्ट. दोन्ही वेळा हजारो तासांचे वैमानिक त्याच रांगेत आले. तिथे तुझे २०० तास काय पुरणार?

तोवर क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकाची वैद्यकीय तपासणी, आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर दिसत नसताना उपकरणांवर उडवायची परवानगी, यांच्या तारखा चुकवू नको. बोलावणं आलं की चार दिवसांत हजर हो म्हणतात, तेव्हा धावपळ नको. सिम्युलेटरला जायच्या आधी ऑटोपायलटशिवाय, नुसत्या उपकरणांच्या काट्यांवर उडवायचा हात बसव. बहुतेक पोरं तिथेच घसरतात.

आणि चिपीच्या विमानतळावर उतरणारं विमान आई बोटाने दाखवते, तेव्हा तिच्यावर खेकसू नको रे.